चौसष्ट योगिनी, दगडी घंटा आणि सहा टोकांचा तारा

विचारणारे गृहस्थ नुकतेच ग्वाल्हेरला जाऊन आलेत. तिथून पुढे मुरैना जिल्ह्यात मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर पाहिलं, गाइडने सांगितलं की ‘आपलं पार्लमेंट इथूनच उचललंय साहेब’, आणि घरी येऊन त्यांनी दोन्ही इमारतींचे वरून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले. आता त्यांचा प्रश्न असा: जुनं संसद भवन खरंच या तांत्रिक मंदिरावर बेतलंय का? आणि राष्ट्रपती भवन, जयपूर स्तंभ, नॉर्थ ब्लॉक यांत थिऑसॉफी (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारा पंथ), फ्रीमेसन (एक गुप्त बंधुमंडळ), तांत्रिक यंत्राकृती वगैरेंच्या गुप्त खुणा पेरल्या आहेत असं जे म्हणतात, त्यात तथ्य किती?

जुन्या इमारतींचं जतन-दुरुस्तीचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. त्यामुळे आधी रोखठोक उत्तर: मितावलीच्या गोष्टीला कागदाचा आधार नाही, आणि संसद भवनाची जन्मकथा भलतीच आहे. बाकीच्या खुणांमध्ये तथ्य आहे, भरपूर आहे. फक्त त्या कुणी लपवलेल्या नाहीत. सरकारने पैसे मोजून, समित्यांच्या बैठका घेऊन, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून त्या बसवल्या.

मितावलीला मी दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा टेप घेऊन. टेकडी चढून वर गेलात की समोर जवळजवळ बंद अशी गोल भिंत येते. आत शिरलं की गोल अंगण, मधोमध गोल मंडप, आणि भिंतीला आतून चिकटून साठावर लहान लहान गाभारे, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. आज त्यांत शिवलिंगं आहेत. डोक्यावर आकाश मोकळं. योगिनी मंदिरांची ही खासियतच. जबलपूरला भेडाघाटचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांपैकी जे वरच्या पायऱ्या चढतात त्यांनी हेच रूप तिथेही पाहिलं असेल. म्हणजे सगळी रचना आतल्या बाजूला तोंड करून बसलेली, बाहेरच्या जगाकडे पाठ.

जुनं संसद भवन याच्या नेमकं उलटं आहे. तिथले खांब बाहेर आहेत. पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्याला १४४ खांब, प्रत्येक २७ फूट उंच, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावेत म्हणून. आत एक अंगण नाही, तीन आहेत. मध्यावर मोकळा मंडप नाही, घुमटाचं सेंट्रल हॉल आहे, आणि त्यातून तीन बाजूंना तीन सभागृहं फुटलेली. वरून फोटो काढला तर दोन्ही गोल दिसतात, हे खरं. आम्ही वास्तुविशारद प्लॅनमध्येच विचार करतो, त्यामुळे ‘वरून सारखं दिसतं याला काय अर्थ’ असं म्हणून मी हात झटकणार नाही. पण मग प्लॅन नीट वाचायला हवा, नुसती बाहेरची रेघ नाही.

आता ही तीन सभागृहं आली कुठून? १९१२-१३ साली नवी दिल्ली आखली जात होती तेव्हा वेगळ्या कायदेमंडळाची इमारत नकाशावरच नव्हती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलला त्याच्या वाड्यातलंच एक दालन पुरणार होतं. १९१९ चा कायदा आला, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा झाल्या, आणि एकदम तीन सभांना जागा लागली: कौन्सिल ऑफ स्टेट, लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आणि संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ. काम हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदाकडे आलं. त्याने आधी काढला तो त्रिकोणी आराखडा: तीन पंख, एकमेकांशी १२० अंशांत, मध्ये घुमट. व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, आखणाऱ्या एडविन लट्येन्सला तो पसंत पडला नाही, त्याने गोलाचा आग्रह धरला आणि समितीत तो जिंकला. बेकरने नाइलाजाने आपले तीन पंख गोलाच्या आत बसवले. तुम्ही आज प्लॅन पाहिलात तर गोलाच्या पोटात तो मूळचा त्रिकोण अजून दिसतो. योगिनी मंदिरावरून इमारत बेतली असती तर गोल आधी आला असता. इथे तो शेवटी आला, आणि तोही भांडणातून.

१४४ या आकड्यावर लोक फार खूश असतात. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, बारा राशी, बारा दारं. जरा कागद-पेन्सिल घ्या. इमारतीचा व्यास ५६० फूट, घेर साधारण एकतृतीयांश मैल, म्हणजे ५३६ मीटर. त्याला १४४ ने भागा. एका गाळ्याला सुमारे पावणेचार मीटर येतात, बारा फुटांच्या आसपास. त्यातून खांबाची जाडी वजा केली की उरतं ते अंतर दगडी तुळईने आरामात पेलता येतं. त्याहून मोठा गाळा ठेवलात तर दगड मधून तडकण्याची भीती, लहान ठेवलात तर खांबांची नुसती दाटी. शिवाय आत तीन सभागृहं आहेत म्हणजे आकड्याला तिनाने भाग जायला हवा, आणि दारं बारा असतील तर बारानेही. हे सगळं जमवायला बसलात तर तुम्हीही १४४ च्या आसपासच पोचाल, पंचांग न उघडता.

फ्रीमेसन प्रकरण दोन ओळींत संपवतो. कंपास आणि काटकोन या खुणा त्या मंडळींनी गवंड्यांकडून घेतल्या, गवंड्यांनी त्यांच्याकडून नाही. गवंड्याच्या पिशवीत गुण्या आणि ओळंबा सापडला म्हणून तो गुप्त मंडळाचा सभासद ठरत नाही.

आता खऱ्या खुणांकडे येऊ, कारण मजा तिथे आहे.

राष्ट्रपती भवनाचा घुमट बघा. खालच्या नळकांड्यासारख्या भागावर उभ्या-आडव्या पट्ट्यांची जी नक्षी आहे ती सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्याची, ज्याला आपण वेदिका म्हणतो. लट्येन्सला भारतीय वास्तुकलेबद्दल फारसा आदर नव्हता, त्याची पत्रं वाचली तर अंगावर येतं. मग सांची कुठून आलं? एक तर व्हाइसरॉय हार्डिंगचा दबाव होता, राजधानी हिंदुस्थानी वाटली पाहिजे असा. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: जॉन मार्शल १९१२ ते १९१९ या काळात सांचीची डागडुजी करत होता. म्हणजे इकडे दिल्लीत घुमटाची रेखाटनं होत होती तेव्हाच तिकडे सरकारी पैशाने स्तूप नीट उभा केला जात होता. पुरातत्त्व खात्याचा प्रमुख, अहवाल, फोटो, सगळं एकाच सरकारच्या टेबलावर. आडवाटेच्या टेकडीवरचं मितावली त्या टेबलावर कुणी नेऊन ठेवल्याचा एकही कागद मला कुणी आजवर दाखवू शकलेलं नाही. एखादी जुनी खूण नव्या इमारतीत कशी आली हे शोधताना मी नेहमी हेच विचारतो: त्या माणसाच्या टेबलावर त्या वर्षी काय पडलेलं होतं?

पुढची खूण घंटांची. लट्येन्सने या वाड्यासाठी खांबांचा एक नवाच प्रकार काढला, त्याला ‘दिल्ली ऑर्डर’ म्हणतात. स्तंभशीर्षाच्या चारही कोपऱ्यांना एकेक घंटा लटकतेय, पण दगडात कोरलेली. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या जैन मंदिरावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. त्याहून जास्त सांगितली जाते ती दुसरी गोष्ट: घंटा वाजली की राज्य बुडतं अशी समजूत होती, म्हणून न वाजणाऱ्या घंटा केल्या. गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, घंटा जवळून पाहण्यासारख्या आहेत. कोपऱ्यावर लोंबणारा भाग कोरताना दगड चुकीच्या जागी उडाला तर अख्खं शीर्ष वाया. पाथरवट अशा ठिकाणी मोठी टाकी बाजूला ठेवतो आणि बारीक हाताने, जवळजवळ खरवडत, पुढे जातो. धोलपूर-भरतपूरकडचा हा वालुकाश्म थरांचा असतो. थर आडवा धरला तर टिकतो, उभा धरला तर पन्नास वर्षांत पापुद्रे सुटतात. खाली उभं राहून मान वर केली की मला राज्य, शकुन वगैरे काही आठवत नाही, ज्याने ते कोपरे सोडवले त्याचा हात आठवतो. बाकी व्हाइसरॉय आयर्विन तिथे राहायला आला तो २३ डिसेंबर १९२९ ला, आणि १९४७ साली राज्य गेलं. अठरा वर्षंही नाही. घंटा वाजल्या नाहीत एवढं मात्र खरं.

आणि आता तो तारा. प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, इथे मी कुणाला वेड्यात काढणार नाही.

राष्ट्रपती भवनासमोरचा जयपूर स्तंभ १४५ फूट उंच आहे. जयपूरच्या माधोसिंग महाराजांनी दिलेली ती भेट. चौथऱ्यावर नव्या राजधानीचा नकाशा कोरलाय, टोकावर काशाचं कमळ, आणि कमळातून वर आलेला काचेचा सहा टोकांचा तारा. थिऑसॉफीवाले इथे बोट ठेवतात, आणि त्यांच्याकडे खरोखर एक धागा आहे. लट्येन्सची बायको एमिली ही कट्टर थिऑसॉफिस्ट होती, ॲनी बेझंट यांची अनुयायी, आणि पुढे तत्त्वचिंतक म्हणून गाजलेल्या जे. कृष्णमूर्तींना तरुणपणी तिने आईसारखं सांभाळलं. ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ या त्यांच्या संघाचं इंग्लंडमधलं काम तीच पाहायची. एवढंच नाही, लंडनला टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयाचा आराखडा खुद्द लट्येन्सने केला होता. ती इमारत पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडे गेली, आजही त्यांचीच आहे. आणि थिऑसॉफीच्या मुद्रेत एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण, म्हणजे षट्कोणी तारा, असतोच.

म्हणजे झालं की सिद्ध? थांबा. एमिलीच्या संघाचा तारा पाच टोकांचा होता. दुसरीकडे, ज्याला हिंदुस्थानचा तारा म्हणायचे तो सरकारी किताब, ‘स्टार ऑफ इंडिया’, त्याचाही तारा पाच टोकांचाच. तेव्हा सहा टोकं या दोन्हींतून सरळ येत नाहीत. लट्येन्स रोज ज्या दिल्लीत फिरत होता तिथे सहा टोकांचा तारा कुठे होता? हुमायूनच्या कबरीवर. कमानींच्या दोन्ही खांद्यांवर संगमरवरात बसवलेला, अगदी डोळ्यांसमोर. आपल्याकडे तोच षट्कोन यंत्रात येतो, शिव-शक्ती म्हणून. ज्यू लोकांकडे तो आणखी वेगळा. एकच आकृती, चार घरी चार अर्थ. शिवाय नव्या दिल्लीचा सगळा आराखडाच साठ अंशांच्या कोनांवर उभा आहे. इंडिया गेटभोवतीच्या रस्त्याला दिल्लीकर आजही ‘सी-हेक्झागॉन’ म्हणतात. ज्याने अख्खं शहर साठ अंशांत आखलं त्याच्या हातून खांबावरचा तारा सहा टोकांचा निघणं हे मला तरी नैसर्गिक वाटतं. घरातल्या थिऑसॉफीचा त्याच्या डोक्यावर काहीच परिणाम झाला नसेल असं मी म्हणत नाही. बायकोच्या नादाबद्दल तो कुरकुरायचा, पण बत्तीस-तेहतीस वर्षं एकाच टेबलावर जेवलेल्या माणसाच्या हातात काय काय उतरतं ते कोण मोजणार? मी एवढंच म्हणतो की तारा हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

एक गंमत जाता जाता. १९२९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णमूर्तींनी तो ताऱ्याचा संघच बरखास्त केला. दिल्लीतला वाडा तेव्हा पूर्ण होत आला होता. इथे कुणाला योगायोगातून अर्थ काढायचा असेल तर मोकळं रान आहे.

पर्यटक ज्या दोन ‘प्राचीन’ गोष्टींचे फोटो सर्वांत जास्त काढतात, त्यांतल्या एकीचाही लट्येन्सशी संबंध नाही. एक, प्रवेशाजवळचा रामपुर्व्याचा बैल, अशोकाच्या काळातला. दुसरी, दरबार हॉलमधली (२०२४ पासून त्याचं नाव गणतंत्र मंडप) गुप्तकाळातली बुद्धमूर्ती. दोन्ही स्वातंत्र्यानंतर तिथे आल्या. बुद्ध ज्या जागी उभा आहे तिथे पुढ्यात व्हाइसरॉय आणि त्याच्या बायकोची सिंहासनं असायची. या अख्ख्या परिसरातली सगळ्यात बोलकी खूण मला विचारलीत तर मी ही सांगेन: इमारतीची एकही वीट न हलवता, फक्त खुर्च्या काढून, अर्थ उलटा केला. ती कल्पना कुठल्या वास्तुविशारदाची नव्हती.

उलट ज्याला खरंच ‘लपवलेलं’ म्हणता येईल असं काही पाहायचं असेल तर दिल्लीला जायची गरज नाही. मुंबई हायकोर्टात, १८७८ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीत, हातात न्यायाचा तराजू धरलेलं आणि एका डोळ्यावर पट्टी असलेलं माकड कोरलंय. कोर्टात हरलेल्या एका कंत्राटदाराने सूड म्हणून ते घुसवलं अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचं सोडा, माकड आहे, आणि ते कुठल्या समितीने मंजूर केलं असेल असं वाटत नाही. माझ्या अनुभवात खरी गुप्त खूण अशी असते: लहान, वरच्या बाजूला, सहज नजर न जाणारी, आणि बहुतेक वेळा चेष्टेची. मुंबईतल्याच एका जुन्या इमारतीच्या पागोळीखाली आम्हाला कळकट काजळी साफ करताना एका मुकादमाचा चेहरा मिळाला होता, गाल फुगवलेला, तंबाखू भरलेला. तो कुणाचा हे सांगणारा कुणी उरला नव्हता. त्याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही, कारण तो वरून घेतलेल्या फोटोत येत नाही.

नव्या संसद भवनाबद्दलही विचारलंय. २८ मे २०२३ ला उद्घाटन झालं. ते त्रिकोणी आहे, म्हणून लगेच श्रीयंत्राची चर्चा. जागा त्रिकोणी आहे, हे पहिलं कारण. तिथे चिन्हं आहेत, खूप आहेत, पण सगळी जाहीर: सहा दारांना गज, अश्व, गरुड, मकर, शार्दूल आणि हंस, लोकसभेला मोर, राज्यसभेला कमळ, अंगणात वड, आणि पृथ्वी फिरते हे दाखवणारा लांबच लांब लंबक. आपल्यासाठी एक बारीक दुवा म्हणजे तिथलं सागवान नागपूरहून गेलंय. एवढं सगळं माहितीपत्रकात छापल्यावर गूढ काय उरणार?

शेवटी माझीच एक फजिती सांगतो, कारण ती या प्रश्नाला धरून आहे.

जुन्या संसद भवनात स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणी संस्कृत वचनं लिहिली गेली. अध्यक्षांच्या आसनाच्या वर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’, आणि एक नंबरच्या दारावर छांदोग्य उपनिषदातलं वचन, ‘लोकद्वार उघडा’ अशा अर्थाचं. ते मी प्रथम पाहिलं तेव्हा चक्रावलो. अक्षरांच्या मध्ये मध्ये आकडे घुसवलेले. लो, मग ३, मग कद्वार. पुढे एका ठिकाणी ३३. आणखी पुढे तर ३३३३३, ओळीने पाच तीन. तोवर मी आठ-दहा वर्षं लोकांच्या गुप्त खुणांच्या गोष्टींना हसत होतो, आणि आता माझ्याच समोर सरकारी दारावर, ठसठशीत अक्षरांत, सांकेतिक आकडे. वहीत उतरवून घेतले. रात्री खोलीवर बसून बेरजा केल्या, खांबांच्या संख्येशी ताळा घालून पाहिला. तिनाच्या पाढ्यात १४४ येतोच, त्यामुळे जरा उत्साहही आला. हे लिहायला लाज वाटते, पण केलं.

मग कोल्हापूरला काकांना फोन केला. ते लहानपणी वेदपाठशाळेत होते. मी आकडे वाचून दाखवले. ते आधी गप्प झाले, मग हसायला लागले. म्हणाले, ‘अरे, शाळेत ह्रस्व, दीर्घ, प्लुत शिकलास ना? तीन म्हणजे प्लुत. तीन मात्रा. साम गाताना अक्षर किती ओढायचं ते लिहिलंय. संकेत कसला डोंबलाचा, स्वरलिपी आहे ती.’ आणि पुढचे आकडे आहेत तिथे, त्यांनी समजावलं, ‘राज्याय’ हा एकच शब्द तोडून तोडून गायचाय. रा वेगळा, आ वेगळा, ज्या वेगळा.

‘थांब, ऐक,’ म्हणाले आणि फोनवर गायलाच लागले. ‘रा’ सुरू झाला. तो इतका लांबला की मला वाटलं लाइन अडकली. पलीकडून काकूचा आवाज आला, ‘अहो, आमटी उतू जातेय,’ तरी ते ‘ज्या’पर्यंत पोचले नव्हते.